आतलं का भायेरचं?

तो रुपया माझ्याकडं परत आला मेथीच्या पेंडीसोबत. सांगलीत विश्रामबागेत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की कोपऱ्यावरच्या मावशींकडून भाजी घ्यायची आणि घर गाठायचं, हा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी मी दिलेल्या सुट्ट्यांतला एक रुपया त्यांनी दिव्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला आणि माझ्या हातावर परत ठेवला.

"ताई, ह्यो खोटा हाय. दुसरा द्या."

मला हसू आलं. रुपयाचं खोटं नाणं पाडून कुणाची चूल पेटणार? पण नीट बघितल्यावर मीही थबकले. नाण्याच्या एका अंगाला नखाच्या कडेएवढी कोरी चंद्रकोर सुटली होती, आणि दुसऱ्या अंगाला 'भारत'मधला भ पार कडेला जाऊन टेकला होता. सगळा छापच बाजूला सरकलेला. मी मावशींना दुसरा रुपया दिला आणि हा पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकला.

घरी मामांना दाखवला. मामा म्हणजे माझे सासरे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं वायसर काढले, म्हणजे पत्र्यातून नटबोल्टखालच्या भोकाच्या चकत्या कापल्या. रिटायर झाल्यापासून सकाळी पेपर, दुपारी झोप आणि संध्याकाळी टीव्हीवर कुणाला तरी शिव्या, एवढाच कार्यक्रम. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रुपया डोळ्यांपाशी नेला आणि सगळ्यात आधी पालथा करून बघितला.

"मागनं बी सरकलंय. म्हंजे डाय न्हाई सरकली, चकती सरकली."

मला ओ की ठो कळलं नाही. मग त्यांनी ताटातला चमचा आणि वाटी घेऊन समजावलं. खाली एक डाय, म्हणजे छापाचा ठसा, वर एक डाय, मध्ये कोरी चकती. चकतीभोवती कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. चकती कॉलरमध्ये नीट बसली की वरून ठोका पडतो आणि दोन्ही बाजू एकाच दणक्यात उमटतात. एकच डाय जागेवरून हलली असेल तर नाण्याची एकच बाजू सरकलेली दिसेल. दोन्ही बाजू सारख्याच सरकल्या असतील तर चकती कॉलरमध्ये पुरती बसायच्या आत ठोका पडला म्हणायचं. "खोटं न्हाई हे. खरंच हाय, पण रिजेक्शन हाय. तपासणीत निसटलं."

हे असलं रिजेक्शन लोक जमवतात, हे मुलानं सांगितलं. तो बारावीला, त्यामुळं अभ्यास सोडून बाकी सगळं त्याला ठाऊक. त्यानं मोबाइलवर दहाबारा व्हिडिओ दाखवले. निम्म्यांत निव्वळ थापा होत्या, उरलेल्या निम्म्यांत काही बरं होतं. दुसऱ्या दिवशी गल्ल्यातली सगळी चिल्लर मी पिशवीत भरून घरी आणली.

झेरॉक्सवाल्याकडं चिल्लर येते म्हणजे येतेच. एका पानाचे दोन रुपये, कॉलेजची पोरं, परीक्षेचे फॉर्म. मोबाइलवरून पैसे घ्यायचा स्कॅनर लावल्यापासून तिला ओहोटी लागली हे खरं, तरी संध्याकाळपर्यंत दीड-दोनशे नाणी जमायची. पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं जेवण झाल्यावर सतरंजीवर बसून ती बघायचो. माझ्याकडं पोस्टाची तिकिटं बघायचं जुनं भिंग होतं. मुलानं दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आणि शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा खिशातला वजनकाटा मागवला. मामांनी नुसत्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं, आणि सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात जास्त त्यांनाच सापडलं.

त्या पहिल्या आठवड्यात मी अठरा नाणी बाजूला काढली. हरखून गेले होते. मामा एकेक उचलायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "आतलं का भायेरचं?" म्हणजे ही खोड टाकसाळीच्या आत झाली, की नाणं बाहेर पडल्यावर कुणीतरी केली? अठरांतली सतरा बाहेरची निघाली. एकाची कड ठेचलेली, कुणीतरी त्यानं बाटलीचं बूच उघडलं असणार. एक पातळ आणि पसरट, त्यावरचा सिंह पावावर लोणी फासावं तसा पसरलेला. ते मिरजेकडच्या कुठल्यातरी रुळावर पोरांनी ठेवलेलं, मामांनी हातात घेताक्षणी सांगितलं. दोन काळीकुट्ट होती. ती नदीतली. आयर्विन पुलावरून माणसं कृष्णामाईला नाणी वाहतात आणि खाली पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढतात, ती फिरत फिरत बाजारात येतातच. स्टीलची असल्यामुळं चुंबकाला चिकटतात. जुनी तांब्या-निकेलची मात्र तशीच तळाशी राहतात.

पण सगळ्यात मोठी फजिती झाली ती पिवळ्या रुपयाची.

पाच रुपयाचं नाणं पिवळं असतं, तो निकेल-ब्रास. रुपया स्टीलचा, पांढरा. मला मिळाला चक्क पिवळा रुपया. कोपऱ्याकोपऱ्यात, अक्षरांच्या खाचांत, सिंहाच्या आयाळीत गडद पिवळा आणि उंचवट्यांवर फिकट. आता माझं डोकं कसं चाललं बघा: पाचाच्या चकतीवर रुपयाचा शिक्का बसला असेल, तर हे लाखात एक! वजन केलं. ३.७९ ग्रॅम. रुपयाचं असतं तेवढंच. पाचाची चकती सहा ग्रॅमची, म्हणजे तो मुद्दा तिथंच निकालात निघायला हवा होता. पण लोभ सुटला की वजनकाट्यावर कोण विश्वास ठेवतो? मी म्हटलं, मग वरून पातळ मुलामा असेल. मामांना दाखवायच्या आधी जरा स्वच्छ करावं म्हणून मोरीत नेलं आणि कपड्यांचा साबण लावला.

नाणं लाल झालं. हळदीकुंकवाच्या तबकातून काढल्यासारखं. साबणाचा फेस लाल, माझी बोटं लाल.

मामा दारात उभे. "यार्डातला कोण हमाल आलता का दुकानात?"

आला होता. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांखाली ज्याचा दिवस जातो, त्याच्या खिशातला रुपया पिवळा नसेल तर काय असेल? हळदीला साबण लागला की ती लाल होते हे तर मला लहानपणापासून माहीत. लग्नातली साडी कुणी साबणात भिजवली की घरात काय रामायण होतं ते प्रत्येक बाईला माहीत असतं. तरी नाण्याच्या बाबतीत डोकं चाललं नाही. महिनाभर घरात माझं नाव 'हळदीचा रुपया' होतं. आणि एक अक्कल आली. नाणं कधी धुवायचं नाही. खरोखर काही असेल तर घासण्यानं त्याची चमक जाते आणि जमवणारा त्याला हात लावत नाही.

यानंतर आम्ही जरा शिस्तीनं बसायला लागलो. एका वेळी तीनशे नाणी, त्यापेक्षा जास्त नाही. तीनशेनंतर डोळे नाणं बघत नाहीत, नुसते मोजतात. दिवा समोरून नको, बाजूनं हवा. तिरका उजेड पडला की उंचवटे-खाचा उठून दिसतात. आणि पहिली नजर नेहमी कडेवर. आतल्या छापावर जीव टाकून बसायचं नाही, मोठ्या चुका कडेलाच कळतात.

दुसरी तपासणी फिरवून बघायची. आपलं नाणं खालीवर दोन बोटांत धरावं, सिंह सरळ उभा, आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवावं. मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. तो आडवा पडला किंवा डोक्यावर उभा राहिला तर डाय आपल्या पकडीत सैल होऊन फिरली होती. नाणी विकणारे याला 'डाय रोटेट' म्हणतात. थोडीशी तिरकी खूप सापडतात, घड्याळाचा तासकाटा बारावरून साडेबाराला सरकावा इतकी. त्यांना कुणी विचारत नाही. आम्हाला दोन रुपयाचं एक जवळजवळ आडवं सापडलं आणि एक पाचाचं सरळ उलटं, सिंह वर तर पाच खाली डोकं. असं नाणं वर्षानुवर्षं फिरतं आणि कुणाला कळत नाही, कारण नाणं फिरवून बघतो कोण?

सालाखालचं चिन्ह बघायचं वेड मात्र मुलाला लागलं. सालाखाली चौकट असली की मुंबई, चांदणी असली की हैदराबाद, गोल ठिपका असला की नोएडा आणि काहीच नसलं की कोलकाता. नोएडाची टाकसाळ सगळ्यांत अलीकडची, १९८८ ची. एकदा पाचाच्या जुन्या जाड नाण्यावर, ते नऊ ग्रॅमचं असायचं, त्याच्या सालाखाली त्याला 'एमएमडी' दिसलं आणि तो ओरडतच उठला. चूक नव्हती ती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याला नाणी कमी पडत होती म्हणून काही बाहेरच्या देशांतून पाडून आणली. एमएमडी म्हणजे मॉस्को. प्रिटोरियाच्या टाकसाळीचा एम, स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साचा एमके, असे पाहुणेही सापडतात. मूल्य म्हणाल तर पाच रुपये. पण मॉस्कोत जन्मलेलं नाणं विश्रामबागेत झेरॉक्सला आलं, याची गंमत मला अजून वाटते.

गल्ल्यावर भागेना तेव्हा बँक. काउंटरवर दबकत विचारलं, "सुटी नाणी मिळतील का?" कॅशियर साहेबांनी मान वर केली. इतकी वर्षं बँकेत जातेय, पण असा प्रेमळ चेहरा त्यांचा कधी बघितला नव्हता. "किती देऊ मॅडम? अजून न्या की!" नाणी भरायला येणारे रोज, न्यायला येणारं कुणीच नाही. शंभर शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. दोन रुपयांच्या पाच पिशव्या म्हणजे हजार रुपये. बघून झालेली चिल्लर शेजारच्या मेडिकलला आणि फरसाणवाल्याला द्यायची, त्यांना सुट्ट्यांची कायम ददात. फरसाणवाले काका एकदा म्हणाले, "वहिनी, कायद्यानं मी एका वेळी हजाराच्या वर नाणी घ्यायला बांधील न्हाई बरं का." बरोबर आहे त्यांचं. २०११ च्या नाणे कायद्यात तसंच आहे, रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत, पन्नास पैसे फक्त दहा रुपयांपर्यंत. हसत हसत त्यांनी दीड हजाराची घेतली आणि वर पावशेर भडंग दिलं.

दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही अकरा हजारांच्या वर नाणी बघितली. हाती काय लागलं ते सांगते. डायला तडा गेला की तो नाण्यावर उंच, बारीक रेघ म्हणून उठतो, ओरखड्यासारखा खोल नाही. बोटाच्या नखाला तो उंचवटा लागतो. अशी पंचवीस-तीस असतील. डायमध्ये ग्रीस-धूळ भरून एखादं अक्षर किंवा सालाचा आकडा न उमटलेली सातआठ. वर सांगितलेली दोन फिरलेली. मावशींनी नाकारलेला तो पहिला रुपया. आणि एक असं, की त्या रात्री मामा झोपलेच नाहीत.

जानेवारीतली गोष्ट. बँकेच्या पिशवीतला रुपया, साल २०१३, खाली मुंबईची चौकट. 'इंडिया' या अक्षरांच्या बाजूनं कडेचा घास घेतल्यासारखा गोल तुकडा नव्हता. मी म्हटलं, "हे बाहेरचं. कुणीतरी कानशीनं घासलंय." मामांनी उत्तर दिलं नाही. ते उठले, माळ्यावर चढले. त्र्याहत्तराव्या वर्षी! मी खाली स्टूल धरून. गंजक्या डब्यातून पत्र्याची एक पट्टी काढून आणली, हातभर लांब, तीन बोटं रुंद, ओळीनं गोल भोकं पडलेली. वायसर काढल्यावर उरलेली.

पट्टी सतरंजीवर ठेवली. भोकात बोट घातलं. "ही पट्टी कापायच्या पंचाखालनं सरकती. येक ठोका, येक वायसर. मंग पट्टी फुडं. पर कवा कवा पट्टी फुडं जायाचं इसरती. मंग पंच बसतो आधीच्या भोकाच्या कडंवर." त्यांनी रुपया पट्टीवर ठेवला, भोकाला थोडा चढवून. भोकाची गोलाई आणि रुपयाच्या तुटक्या भागाची गोलाई एकमेकींत बरोब्बर बसली. जिथं आधीच धातू नव्हता तिथं नव्या चकतीला तो येणार कुठून?

मग त्यांनी भिंग मागितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "आता ह्याच्या समोरची कड बघ."

तुटलेल्या जागेच्या बरोबर समोर, 'भारत'च्या मागं, कडेचा कंगोरा पुसट होता. बाकी सगळीकडं उभा, फक्त तिथं निजलेला. शिक्का मारायच्या आधी चकतीची कड दाबून उचलतात. एका बाजूला धातूच नसेल तर त्या दाबाला समोरच्या बाजूला टेकू मिळत नाही आणि तिथली कडही कच्ची राहते. कानशीनं घासणारा समोरची कड कशाला बिघडवेल? शिवाय तुटक्या भागाजवळचं शेवटचं अक्षर त्या बाजूला किंचित ओढलं गेलं होतं. ठोका पडला तेव्हा धातूला मोकळी जागा तिकडंच होती. काटा म्हणाला ३.६१ ग्रॅम.

"आतलं!" मी म्हटलं.

"थांब." मामा म्हणाले. "चकती कुठं कापत्यात? टाकसाळीतच?"

मुलानं शोधून सांगितलं. स्टीलच्या नाण्यांच्या चकत्या बाहेरूनही येतात, तमिळनाडूतल्या सेलम स्टील प्लांटमध्ये खास नाण्यांच्या चकत्या कापायची सोय आहे. मामा खूश झाले. "मग ही चूक टाकसाळीची न्हवंच. आमच्यागत कुणाची तरी हाय. भायेरची." मी म्हटलं, अहो पण शिक्का बसायच्या आधीची चूक ती आतलीच धरतात. ते ऐकेनात. त्यांच्या लेखी पंचावरचा माणूस वेगळा आणि शिक्क्यावरचा वेगळा, एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायचं नाही. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

मग बराच वेळ ते पट्टी हातात घेऊन बसले. "आमच्यात असला वायसर निघाला की सुपरवायजर आयमाय काढायचा. पाळीला तीन निगालं तर पगारातनं कापायचा. आन् हितं लोकं पैसं दिऊन घेत्यात!"

लोक पैसे देतात ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि मग सुरू झाली वेगळीच जत्रा. जो तो मुठी भरून यायला लागला. आमच्या समोरच्या इमारतीतल्या एका वहिनींकडं माता वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ चं नाणं होतं. त्यांना कुणीतरी फोनवर नऊ लाख कबूल केले होते. फक्त आधी 'रजिस्ट्रेशन' म्हणून काही हजार भरायचे, मग टॅक्स, मग कुरिअर. त्यांनी पहिला हप्ता भरलाही होता. मी माझा गल्ला उघडून तसलीच तीन नाणी त्यांच्यापुढं ठेवली. "वहिनी, ही घ्या, सत्तावीस लाख." त्यांना राग आला, पण पुढचा हप्ता भरला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुनी नाणी विकत घेतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं होतं. ते कुणी वाचत नाही, रील मात्र सगळे बघतात.

एक तरुण तर दुकानात 'लखी' विकायला आला. लखी म्हणजे या छंदातला मानाचा गणपती. आधीचं नाणं डायला चिकटून बसतं, पुढची चकती खाली येते, आणि तिच्यावर डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा छाप बसतो. म्हणजे एका बाजूला सिंह नेहमीसारखा उंच, आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह आरशातल्यासारखा उलटा आणि खोल गेलेला. त्या तरुणाच्या पाच रुपयावर आकड्याच्या बाजूला खोल सिंह होता खरा. पाचशे रुपये म्हणाला. मामा योगायोगानं दुकानातच पेपर वाचत बसले होते. त्यांनी नाणं घेतलं, पालथं केलं आणि परत दिलं. "व्हाइसात दाबलंय."

तो गेल्यावर मी विचारलं तेव्हा मला घरी मागच्या पडवीत नेलं. नाणं मोडणं-वितळवणं गुन्हा आहे हे मी बजावलं, म्हणून ॲल्युमिनियमची एक चकती घेतली, तिच्यावर पाच रुपयाचं नाणं ठेवलं, दोन्ही मिळून व्हाइसात, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरायच्या लोखंडी जबड्यात, धरलं आणि दांडा फिरवला. चकतीवर उलटा सिंह उमटला, छान खोल. "आता मागं बघ." मागची बाजू व्हाइसाच्या जबड्यानं चपटी झाली होती, जबड्याच्या बारीक रेघांसकट. त्या तरुणाच्या नाण्याचा मागचा सिंह असाच निजला होता, आणि खोल छापाखाली मूळच्या पाचाचं पोट दिसत होतं. खऱ्या लखीत खाली दुसरं काही असायचं कारणच नाही, कारण तिथं पहिलाच ठोका चिकटलेल्या नाण्याचा पडलेला असतो. खरी लखी आम्हाला अकरा हजारांत एकही मिळाली नाही.

उन्हाळ्यात कोल्हापूरला नाण्यांचं प्रदर्शन होतं, एका मंगल कार्यालयात. मी आणि मामा एसटीनं गेलो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आतमध्ये टेबलांच्या रांगा, पंखे, आणि म्हाताऱ्या माणसांचा तो ठरावीक घोळका जो सगळीकडं हातात हात गुंफून फिरतो आणि काही घेत नाही. एका टेबलावर शिवराईंचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांचा, ढीग होता. आमच्या भागात नांगरटीला अजूनही निघतात त्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. मामांनी दहाबारा उलथून बघितल्या. एकीवरही सगळी अक्षरं पुरी नव्हती. कुठं 'श्री' अर्धा बाहेर, कुठं 'पति' गायब. ठसा मोठा, चकती लहान, आणि मारणारा हातोड्यानं मारणार.

"ह्या समद्याच सरकल्यात की ओ," मामा टेबलवाल्याला म्हणाले. "मग हितं कुणी एरर म्हणत न्हाई ते?"

टेबलवाला भला माणूस होता, खळखळून हसला. मग आम्ही आमचं पुडकं उघडलं. डायच्या तड्यांची सगळी नाणी त्यानं एका बोटानं बाजूला सारली. ग्रीस भरलेली पण. आडवं फिरलेलं दोन रुपयाचं घेईन म्हणाला, पण फार वापरलेलं आहे, म्हणून चाळीस रुपये. उलट्या पाचाचे शंभर सांगितले. सरकलेल्या रुपयाचे साठ. मी तिन्ही दिली. दोनशे रुपये! एसटीचं भाडंच त्याच्या वर गेलं होतं, शिवाय दोघांची मिसळ.

२०१३ चा रुपया मात्र त्यानं भिंगाखाली बराच वेळ धरला. समोरची कड बघितली, तेव्हा मामांची छाती फुगली. "याचे तीनशे देतो, काका."

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मामांनी रुपया त्याच्या हातातून काढून घेतला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला.

परतीच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. हातकणंगले गेल्यावर त्यांनी रुपया बाहेर काढला, अंगठ्यानं तुटकी कड चाचपली. मी म्हटलं, उघडा ठेवू नका, घामानं खराब होतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. ऐकलं नाही.

"तवा पाळीवर कोण हुतं काय म्हाईत," म्हणाले. "त्येचा कापला का न्हाई पगार."

मग थोड्या वेळानं, "गॅसवाला येणार हुता ना आज? घरात कोण हाय?"